दाखल्यावरची आई

उंब्रज,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सोनियास,
विजयमालाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या आईचे, दगडाबाईंचे गुडघे आता कसे आहेत? यंदा जत भागातही पाऊस बरा झाला म्हणतात, तेव्हा तुझ्या भावाला, सूरजला मेंढरं घेऊन फार लांब जावं लागत नसेल.

पत्र बघून तुला नवल वाटेल. बारा वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवर केलं, पण एकमेकींना दोन ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. तुझा फोन ह्यांनी काढून घेतला तो अजून त्यांच्याच कपाटात आहे. सूरजच्या फोनवर मी दोनदा केला. माझा आवाज ऐकल्याबरोबर त्यानं ठेवून दिला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. शेवटी नंदीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि लिहायला बसले.

आधी नंदीचं सांगते, कारण तू तेच आधी शोधशील. राजनंदिनीची सहामाही चांगली गेली. गणितात वर्गात दुसरी आली, हिंदीत मात्र मात्रा-वेलांट्यांची चूक. वेणी मी घालते, पण तुझ्यासारखी घट्ट बसत नाही म्हणून दोनदा सोडायला लावते. खोकला होता, आता गेला. म्हैस व्याली, पारडी झाली. नंदीनं तिचं नाव ठेवलंय, ते मी पत्रात लिहायचं नाही, तुला तीच सांगणार आहे. उसाला अजून तोड आलेली नाही.

संयोगिता दिवाळीला आली होती. पोरगी यंदा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. सांगलीला राहून बोलणं फार धारदार झालंय तिचं. भाऊबीजेनंतर म्हणाली, "आई, कराडला एक चर्चा आहे, चल माझ्याबरोबर." मी आपली साडी बदलून गेले. वाचनालयाचा वरचा हॉल, पन्नाससाठ बायका, दहाबारा पुरुष. फळ्यावर विषय लिहिला होता, 'दुसरे लग्न हा गुन्हा राहावा का?' वाचून मी दारातच थांबले. संयोगितानं हाताला धरून आत नेलं. तिला सगळं ठाऊक होतं, मुद्दामच नेलं होतं.

मोहिते म्हणून एक वकीलबाई बोलल्या. आवाज शांत, पण ऐकत राहावं असा. म्हणाल्या, कायद्यात दुसरं लग्न रद्दच असतं, आणि करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. आता ही शिक्षा टाळायला पुरुष पहिली गोष्ट कोणती करतो? लग्न झालंच नाही म्हणतो. मग ती दुसरी बाई कोण? कोणीच नाही. तिला मारलं तर ती कुठं जाणार, तिच्या पोराला बापाचं नाव कोण लावणार? त्यांचं म्हणणं, दुसऱ्या लग्नाला मान्यता देऊ नका, पण त्याचा फौजदारी गुन्हाही ठेवू नका. फसवणूक, जबरदस्ती, मारहाण यांना शिक्षा करा, आणि जी बाई आधीच अशा घरात आहे तिला पहिलीइतकंच संरक्षण द्या.

त्यावर एक निवृत्त शिक्षिका उठल्या. चांगल्याच तापल्या होत्या. "शिक्षा काढणं म्हणजे परवानगी देणं. गावागावात त्या धाकानं किती पुरुष थांबलेत ते तुम्हाला कोर्टात बसून दिसत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या.

मग आपली संयोगिता उभी राहिली. "पहिल्या बायकोनं शंभराच्या स्टॅम्पवर 'माझी हरकत नाही' अशी सही दिली, तर ती सही कशी घेतली गेली हे कोण विचारणार? शिक्षा गेली तर अशा सह्या घरोघर होतील." मी खाली मान घालून पदराच्या काठाकडं बघत बसले. ह्यांनी तुझ्याशी लग्न करायचं ठरवलं आणि तो स्टॅम्प माझ्यापुढं ठेवला तेव्हा संयोगिता अकरा वर्षांची होती. दाराआड उभी होती हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी वडूजकडची एक म्हातारी उठली, बयाबाई म्हणून. माइक घेईना. म्हणाली, "पोरी, तू म्हणतीस ते खरं हाय. पण मी दुसरी हाय. चाळीस वर्सं दुसरी. आमचा मालक कायद्याला कवाच भ्याला न्हाई. भ्याले मी. दवाखान्यात भ्याले, तलाठ्याकडं भ्याले. त्यो मेला तवा मोठ्यानं रडायला भ्याले. लोक म्हणतील, ही कोण?" एवढं बोलून बसली. चहा आला, लोक उठले.

घरी येऊन मात्र डोक्यातून ते जाईना. शिक्षिकाबाईंचं पटलं, वकीलबाईंचं पटलं, दोन्ही एकदम कसं पटतं तेच समजेना. शिक्षेचा धाक असून ह्यांनी लग्न केलंच. धाक नसता तर मला स्टॅम्पवर सही तरी मागितली असती का?

असो. तुझ्या हाताचं जे झालं ते वाईट झालं. आता प्लास्टर निघालं असेल. घरात भांड्याला भांडं लागतं. हे आता निवळलेत, तुझं नाव निघालं तर गप्प बसतात. मला वाटतं तू आता राग सोडावास आणि घरी यावंस. नंदी रोज विचारते. तिच्याकडं बघून ये. मी त्यांच्याशी बोलेन.

थोरल्या बहिणीचं ऐकशील ना?
विजयमाला

*

मु. पो. जत
१७ नोव्हेंबर

अक्कास सोनियाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मी सातवीपत्तूर शिकले, तुमच्यावानी शुद्ध लिवता येत न्हाई. चुकलं तर चुकलं. अव्वाचे गुडगे तसंच हायत. मी बरी हाय. प्लास्टर निघालं. पिळं पिळता येत न्हाई, भाकरी थापता येती. हाड वाकडं बसलंय म्हणला डॉक्टर.

नंदीचं वाचून लय रडले. मग हसले. पारडीचं नाव काय ठिवलं असंल त्याचा इचार करत बसले.

अक्का, तुमी सभेचं तीन पानं लिवलंसा. माजं हाड कसं मोडलं ते न्हाई लिवलं. 'जे झालं' म्हणलासा. भांड्याला भांडं लागलं म्हणलासा. भांडं मी हाय का?

दवाखान्यात पडद्याच्या आड मी जागी हुते. तुमास्नी वाटलं सुई दिल्यावर झोपले. पोलीस आला. त्येनं इचारलं, ही कोण तुमची? तुमी म्हणालासा, आमच्या रानातली बाई हाय, माळ्यावरनं पडली. मी ऐकलं. तुमचा आवाज कापला सुदीक न्हाई. दर संक्रांतीला माज्या हातात बांगड्या भरनाऱ्या तुमी. त्याच हाताचं तुमी आसं सांगितलं.

तवाच मी ठरीवलं, हितनं जायाचं. नंदीला घिऊन जाते म्हणले तर मालक म्हणले, तिच्या दाखल्यावर आई म्हणून विजयमाला हाय, तू कोण लागतीस? खरंच हाय. कागदावर मी कोन बी न्हाई. म्हणून तर हात मोडायच्या आदी मी शाळंत गेल्ते. मुख्याध्यापकांना इचारलं, आईचं नाव बदलायला काय लागतं. त्येनी लगेच मालकांच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी माजा हात मोडला. त्या माणसाला मी अजून शिव्या देते. तोंडावर गोड बोलला आणि पाठीमागनं सांगितलं.

सूरजनं मला पोलीस चौकीत न्हेलं. साहेब म्हणला, मारलं कोणी? म्हणलं, नवऱ्यानं. लग्नाचा पुरावा? फोटो उंब्रजला काळ्या ट्रंकंत. लग्न लावणारा म्हणतो, मला आठवत न्हाई, मला त्यात घालू नगा. माजा बा बिराप्पा, त्यो गेला चार वर्सामागं. आमची मेंढरं तुमच्या रानात बसायची तवापास्नं मालक त्येला वळखत हुते. त्येला सांगितलं हुतं, पहिलीची सही हाय, समदं कायदेशीर हाय. त्येनं इस्वास ठिवला. आता त्या लग्नाला हजर असलेलं जितं माणूस एकच ऱ्हायलंय. ते तुमी.

कायदा ठेवावा का काढावा मला इचारू नगा. मला एवडंच कळतंय, त्यांना सात वर्साचं भ्या हाय म्हणून ते मला वळखत न्हाईत. आणि भ्या नसतं तर अजून एक आणली असती. दोनी खरं हाय.

मी त्या घरात येणार न्हाई. कुनाच्या घरी येऊ? माजी नंदी धाडा. बाकी काय नगं.

सोनिया बिराप्पा

*

उंब्रज,
दि. ३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सोनियास,
आशीर्वाद द्यायचा हक्क मला उरला आहे का, माहीत नाही. तरी देते. हे पत्र टपालानं येत नाही. संयोगिता घेऊन येते आहे, आणि तिच्याबरोबर नंदी. पत्र वाचायच्या आधी लेकीला पोटाशी धर, जेवू घाल. मग वाच. मी लिहिलेलं थांबू शकतं.

मुख्याध्यापकांना शिव्या देऊ नकोस. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगितलं.

त्या दिवशी नंदी शाळेतून आली आणि सहज म्हणाली, "आज आई आमच्या ऑफिसात आली होती." एवढंच. मला लगेच समजलं. रात्रभर काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना वाढताना मी म्हणाले, "सोनिया शाळेत जाऊन नाव बदलायला बघतेय. कागद उकरले गेले तर तुम्हीच अडकाल." मी त्यांची काळजी करतेय असं माझ्या आवाजात होतं. त्यांचा हात मला माहीत होता, सोनिया. तुझ्या पाठीवर दोनदा मीच हळद-तेल लावलंय. तरी सांगितलं. ते ताटावरून उठले, फावड्याचा दांडा घेतला आणि गोठ्याकडं गेले. मी अंगणात जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागले. कपडे ओले होते. तुझा आवाज येत होता आणि मी ओले कपडे घडी घालून बादलीत ठेवत होते. तुझी हाक बंद झाल्यावर आले.

का केलं ते लिहिते, माफी मिळावी म्हणून नाही. माझी पिशवी काढली तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. ह्यांनी दुसरं लग्न करायचं म्हटल्यावर मी सही दिली ती रडत दिली, पण मनात असंही होतं की आपल्यात खोट आहे, आपण कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं. मग तुला दिवस गेले. कराडच्या त्या नर्सिंग होममध्ये तुझं नाव सांगायची सोय नव्हती. माझं कार्ड दिलं. नर्स 'विजयमाला' म्हणून हाक मारायची आणि कळा देता देता तू 'ओ' द्यायचीस. मी शेजारी उभी होते. तेव्हा मला लाज वाटली होती. नंतर सवय झाली. मग ते मला आवडायला लागलं. नंदी बालवाडीत जायला लागली तशी तिला आपणच शिकवलं, तुला घरात आई म्हणायचं, बाहेर सोनियामावशी. शाळेच्या पालकसभेला मी जायचे. बाई म्हणायच्या, राजनंदिनीची आई, पुढं या. मी पुढं जायचे. संयोगिता मोठी होऊन सांगलीला गेली, घर रिकामं झालं. तेव्हा ते 'पुढं या' मला फार हवंसं वाटायचं. तू शाळेत गेलीस आणि मला वाटलं, हे आता जाणार.

दवाखान्यात मी जे बोलले ते तू ऐकलंस हे मला माहीत नव्हतं. घर वाचवायला बोलले असं मी स्वतःला सांगत होते. तुझं पत्र येईपर्यंत सांगत होते.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे साताऱ्याच्या वकिलाकडं जाऊन आले. सूरजनं तुला चौकीत नेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. हात धुऊन पाटावर बसले, चांगले मोकळे दिसत होते. म्हणाले, "वकील म्हणतोय, काय काळजी करू नका. लगीन झालंच न्हाई म्हणायचं. रानात कामाला होती म्हणायचं. तू दवाखान्यात तसंच सांगितलंयस ते लय बरं झालं. पोलिसाच्या कागदावर आलंय."

भाकरी माझ्या हातात होती. ती मी त्यांच्या ताटात वाढली. पण त्यानंतर मला त्यांच्यासमोर बसवेना.

मी संयोगिताला बोलावून घेतलं. तिला सगळं सांगितलं, ओल्या कपड्यांपासून. ती म्हणाली, "आई, तू सांगितलंस? तू?" मग कराड येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. एसटीत दोघी एका बाकावर, ती खिडकीबाहेर बघत होती. आपल्या आईवर अन्याय झाला एवढंच तिला माहीत होतं, त्यावरच ती वकील होणार होती. तिच्यासाठी हे सोपं नव्हतं.

मोहिते वकीलबाईंनी आधी पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही जे सांगणार आहात त्यात तुमचंही नाव खराब होणार. पोलिसांना खोटी माहिती दिलीत. मुलीच्या जन्माच्या नोंदीत खोटं नाव दिलंत. दोन्हीबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते. तयारी आहे?"

मी हो म्हटलं. धीट होते म्हणून नाही. परत घरी जाऊन भाकरी वाढायची ताकद नव्हती म्हणून.

चौकीत हवालदारांनी जुना कागद काढला. "बाई, तवा तुमीच सांगितलं, माळ्यावरनं पडली. आता म्हणताय मालकांनी मारलं. आमी खोटं कुठलं धरायचं?"

"तवाचं," मी म्हणाले.

"आणि ही सोनिया तुमची कोण?"

सोनिया, मला सवत हा शब्द तोंडातून काढायला किती वेळ लागला म्हणून सांगू. बारा वर्षांत तो मी कधी उच्चारला नव्हता. आपण दोघींनीही नाही. "माझी सवत. माझ्या नवऱ्याची दुसरी बायको," म्हणाले. "बारा वर्षांमागं लग्न लागलं. मी हजर होते. हळद मीच लावली." त्यांनी लिहून घेतलं, मी वाचलं, सही केली. पहिल्या सहीपेक्षा या सहीला जास्त वेळ लागला.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा त्यांना चौकीतून फोन आलेला होता. दारात उभे राहूनच विचारलं, "तू माझी बायको हायस का तिची?"

मी म्हटलं, "आवं, तिला हळद लावायला तुम्हीच मला पाटावर बसवलं होतं. आता ती नव्हतीच म्हणू?"

"मला आत घालायला निघालीस?"

"तुम्ही फावड्याचा दांडा घेतलात तेव्हा मी बाहेर होते, एवढंच सांगितलं."

मला वाटलं ते मारतील. मारलं नाही. माझ्यावर त्यांनी कधीच हात उचलला नाही, आणि इतकी वर्षं मी त्याचा अर्थ असा लावत होते की माणूस मुळात चांगला आहे. ते आत गेले. मग पिशवीत दोन कपडे भरले आणि मळ्यातल्या घरी राहायला गेले. अजून तिथंच आहेत. मारहाणीचा गुन्हा नोंद झालाय, जामीन मिळालाय. गावात दोन्ही बाजूंनी बोलतात. बायका विहिरीवर मला बघून गप्प होतात. मी आपली कळशी भरून येते.

आता पुढचं. तुझ्या वतीनं घरगुती हिंसाचाराचा अर्ज तयार आहे. संयोगिता कागद घेऊन आलीय, समजून घेऊन सही कर, घाईनं करू नकोस. वकीलबाईंनी मला खोटी आशा दिली नाही, मीही देत नाही. पहिली बायको आहे हे माहीत असून तू लग्न केलंस, म्हणून कोर्ट तुला बायको मानेलच असं नाही. पण त्या म्हणाल्या, हाड मोडण्याला शिक्षा व्हायला मोडलेल्या हाताची मालकीण बायको असावी लागत नाही. ट्रंकेतले तीन फोटो पाकिटात आहेत. एकात तुझे वडील आहेत, नवा फेटा बांधलेले. तो कोर्टाला दिलास तरी परत माग.

दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याची तक्रार मी अजून केलेली नाही. संयोगिता म्हणते करच. तिचं आणि माझं त्यावर रोज भांडण होतं, निदान बोलायला तरी लागलीय. कायद्यानं तो हक्क पहिलीला दिलाय. मी तो इतकी वर्षं ह्यांच्यावर एकदाही वापरला नाही. तुझ्यावर मात्र वापरला, लहान पोराला बागुलबुवा दाखवावा तसा. 'कागद उकरले तर सगळेच आत जाऊ' असं मी तुला किती वेळा म्हणाले आठव. तू आत जाणार नव्हतीस, सोनिया. मला ते तेव्हा नक्की माहीत नव्हतं, पण मी विचारूनही घेतलं नव्हतं. आता ती तक्रार करायची की नाही हे मला एकटीनं ठरवायचं नाही. केली तर ते अंगावरचं लग्न झटकायला बघतील, आणि तुला पुन्हा रानातली बाई करतील. नाही केली तर उद्या दुसऱ्या एखाद्या बिराप्पाला कुणीतरी असंच सांगेल, पहिलीची सही आहे. त्या सभेत मला दोन्ही पटत होतं. आजही दोन्ही पटतं. फरक एवढाच की आता मला तुझ्याशी बोलल्याशिवाय कुठल्याच बाजूला टाळी वाजवायची नाही.

शाळेतही जाऊन आले. मुख्याध्यापकांना लेखी दिलं की राजनंदिनीला जन्म दिलेली आई सोनिया आहे, माझं नाव खोटं लागलेलं आहे. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "दुरुस्ती कोर्टाच्या आदेशाशिवाय होत नाही. पण तुम्ही स्वतः अर्ज देताय हे मी पहिल्यांदाच बघतोय." कोर्टात रक्ताची तपासणी मागतील, तेव्हा नंदीला सुईची भीती वाटते हे त्यांना आधी सांग.

नंदीला मी सगळं सांगितलं नाही, वयाला झेपेल तेवढंच. ती पारडीजवळ बसून ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं, "मोठ्याई, जतच्या शाळेत आईला आईच म्हणायचं ना?" मी हो म्हटलं. तिनं परत विचारलं, "बाहेरपण?" मी नुसती मान हलवली.

मी स्वतः आले नाही. तू दार लावशील अशी भीती नव्हती. उघडलं असतंस तर मी तुझ्या गळ्यात पडून रडले असते, आणि तू मला गप्प करत बसली असतीस. तुझ्याकडून आणखी ते नको.

मंगळवारी सोळा डिसेंबरला कराडच्या कोर्टात मारहाणीच्या केसची पहिली तारीख आहे, अकरा वाजता. तू माझ्याशी बोलायला पाहिजेस असं नाही. माझ्या बाकावर बसायला पाहिजेस असंही नाही. मला विचारतील तेव्हा मी उभी राहीन आणि जे बघितलं ते सांगेन, न बघितल्यासारखं केलं तेही सांगेन.

तुझ्या लग्नाला आणि तुझ्या बाळंतपणाला हजर असलेली,
विजयमाला